सशाचं नाक चोंदलंय, रात्रभर घुर्रर्र आवाज. सर्दी समजू की अजून काही?

सर्जाचा_बाप (अंबाजोगाई) | १६ एप्रिल, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. या विभागात गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या, फार तर कुत्र्यांचे धागे दिसतात. सशाचा एकही सापडला नाही म्हणून नवीन काढायलोय.

आमच्याकडं तीन वर्षांचा पांढरा, लाल डोळ्यांचा ससा आहे. पोळ्याच्या दिवशी पोरांनी बाजारातून जोडी आणली म्हणून नावं ठेवली सर्जा आणि राजा. नावं बैलांची आणि वजन पावणेदोन किलो. राजा मागच्या मे महिन्यात गेला, ते नंतर सांगतो.

सर्जाला आठ-दहा दिवसांपासून शिंका येतायत. आधी वाटलं धूळ गेली असेल. आता नाकातून घट्ट पांढरट शेंबूड येतो आणि तो सारखा पुढच्या पायांनी तोंड पुसत बसतो. त्या पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकटून समईच्या वाती झाल्यात. डावा डोळा सारखा पाणावलेला, त्याच्या खालचे केसही गळालेत. रात्री घर निजलं की घुर्रर्र घुर्रर्र ऐकू येतं. मांजर लाडात आल्यावर करते तसाच आवाज, फक्त हा लाडाचा नाही.

आज दुपारपासून गाजरालाही तोंड लावलं नाही. एका दवाखान्यात नेलं तर "सशाचं आम्ही बघत नाही" म्हणून परत पाठवलं. मग मेडिकलवरून लहान मुलांचं अँटिबायोटिक सिरप आणलं. सात वाजता अडीच मिली पाजलंय, सकाळी परत द्यायचंय. बरोबर करायलोय ना?

गोदाकाठ (नांदेड) | रात्री १०:३३

भाऊ, घाबरू नका. ओवा भाजून पोटली करा, नाकापाशी धरा. थोडा बाम छातीला चोळा आणि गरम पाण्याची वाफ द्या, वरून टॉवेल टाका. आमच्या लेकराला एका रात्रीत फरक पडतो.

तिखट_कोथिंबीर (छ. संभाजीनगर) | रात्री १०:३८

गोदाकाठ, लेकरू तोंडानं श्वास घेऊ शकतं, ससा घेऊ शकत नाही. कृपा करून बाम नको, वाफ तर नकोच.

सर्जाचे बाबा, सिरपच्या बाटलीवर काय लिहिलंय ते आधी सांगा. लगेच.

सर्जाचा_बाप | रात्री १०:४४

अमॉक्सिसिलिन लिहिलंय.

तिखट_कोथिंबीर | रात्री १०:४५

दुसरा डोस देऊ नका. बाटली उचलून माळ्यावर ठेवा. पुढचं डॉक्टरसाहेब सांगतील, त्यांना निरोप टाकलाय.

निवृत्त_गुरांचा_डॉक्टर (परभणी) | रात्री ११:१५

कोथिंबीरताई बरोबर बोलल्या. माझी सगळी नोकरी गाई-म्हशींत गेली. आमच्या शिक्षणात ससा होता तो प्रयोगशाळेतला प्राणी म्हणून. निवृत्तीनंतर नातीनं दोन ससे आणले आणि म्हातारपणी पुन्हा पुस्तकं उघडावी लागली. म्हणून जे पक्कं ठाऊक आहे तेवढंच लिहितो.

अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन ही औषधं सशाला तोंडावाटे द्यायची नसतात. क्लिंडामायसिन आणि लिंकोमायसिनचंही तेच. सशाचं पोट घोड्याच्या धर्तीवर चालतं. आतड्याच्या मागच्या भागात उंडुक नावाची मोठी पिशवी असते, तिथं जिवाणू चारा आंबवतात. ही औषधं नेमके ते चांगले जिवाणू मारतात. मोकळ्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडियम नावाचे वाईट जिवाणू माजतात आणि त्यांच्या विषानं ससा दगावतो. नाक बरं होण्याआधी पोट जातं. एका डोसानं तसं होईलच असं नाही, पण पुढचे चार-पाच दिवस लेंड्यांवर डोळा ठेवा. पातळ संडास झाली किंवा लेंड्या बंद पडल्या तर वाट बघू नका.

आता श्वासाचं. माणसाचं नाक बंद झालं की तो तोंड उघडतो. सशात श्वासनळीवरचं झाकण मऊ टाळूच्या वर चढून बसलेलं असतं, म्हणजे हवेची वाट थेट नाकाशी जोडलेली. गवत चघळता चघळता शत्रूचा वास घेता यावा म्हणून निसर्गानं केलेली ही सोय नाक चोंदलं की अंगाशी येते. ससा तोंड उघडून श्वास घेताना दिसला, मान वर ताणून बसला, किंवा ओठ-जीभ निळसर दिसली, तर ती सर्दी राहिली नाही, जिवावरची वेळ आली असं समजा.

अजून एक. नाक बंद म्हणजे वास बंद, आणि वास आला नाही तर ससा खात नाही. खाल्लं नाही की आतडी थांबतात. बारा तास काहीच खाल्लं नाही तर सशाच्या बाबतीत ती तातडीची गोष्ट धरतात. दुपारपासून उपाशी म्हणताय, तर रात्रीतच काहीतरी पोटात गेलं पाहिजे. कोथिंबीर, पुदिना, मेथी असं उग्र वासाचं नाकासमोर धरून बघा.

रात्री एक काम करा. तो निवांत बसला असताना मोबाईलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढा आणि बरगडीमागची कूस किती वेळा हलते ते मोजा. नाकाची थरथर मोजू नका, ती वेगळी. निरोगी ससा मिनिटाला साधारण ३० ते ६० वेळा श्वास घेतो.

सर्जाचा_बाप | रात्री ११:५२

६८ आले. डॉक्टरसाहेब, तुमचे उपकार. पुदिन्याची दोन पानं खाल्ली. मी दिलेल्या औषधाचंच आता छातीवर दडपण आलंय.

कडबाकुट्टी (सेलू) | १७ एप्रिल, सकाळी ६:५०

सर्जाचे बापू, त्याला ठेवता कुठं? खाली अंथरता काय? आमच्या शेळ्यांना असंच व्हायचं, शेवटी कळलं कुट्टी मशीनची धूळ.

सर्जाचा_बाप | सकाळी ७:२०

ओसरीवर पिंजरा आहे. खाली सॉ मिलमधला लाकडाचा भुसा टाकतो, आठवड्यानं बदलतो. आणि हो, कुट्टीचं मशीन त्याच ओसरीच्या दुसऱ्या टोकाला आहे. सध्या ज्वारीचा कडबा रोज कापायलो. हे लिहितानाच माझं मला कळायलंय.

तिखट_कोथिंबीर | सकाळी ७:४१

आठवड्यानं?? दादा, एकदा खाली बसून तुमचं नाक पिंजऱ्याच्या तळाला नेऊन बघा. उभ्या माणसाला तो वास येत नाही, सशाला चोवीस तास येतो. मुतातून अमोनिया निघतो आणि नाकाचं आतलं अस्तर सोलून काढतो, मग जंतूंना दार उघडंच. भुशाची बारीक पूड वेगळी. त्यात चीड-देवदारासारख्या लाकडाचा भुसा असेल तर त्यातल्या तेलांचाही त्रास.

आजच भुसा काढा. वर्तमानपत्र, त्यावर जुनं सुती पातळ किंवा धुतलेलं गोणपाट. ओली जागा दिवसातून दोनदा बदलायची. फिनेल नको, व्हिनेगर-पाण्यानं पुसा. मच्छर अगरबत्ती, धूप, चुलीतल्या गोवऱ्यांचा धूर, बायकोचा बॉडी स्प्रे सगळं त्याच्यापासून लांब. (बायकोचा कशाला, तुमचाही.)

सहा वर्षं चार ससे सांभाळल्यावर बोलतेय, रागावू नका.

गोदाकाठ | सकाळी ८:०५

ताई, वाफेचं का नको ते सांगितलंच नाहीत. मी चांगल्या मनानं लिहिलं होतं.

तिखट_कोथिंबीर | सकाळी ८:१९

मन चांगलंच आहे हो तुमचं. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून सोडतो. एप्रिलात आपल्याकडं टॉवेलखाली गरम वाफ म्हणजे त्याला कुकरमध्ये ठेवणं. आणि बामातला मेंथॉल-कापूर त्याच्या नाकाला झोंबतो, शिवाय अंगावर लावलेलं काहीही तो चाटून पोटात घेतो. पोटलीचं तेच. भाजलेल्या ओव्याचा वास आपल्याला सुखाचा.

सईची_आई (लातूर) | सकाळी ९:३०

वाफेऐवजी नेब्युलायझर. माझ्या लेकीला दम्यासाठी घेतला होता, तोच सशालाही वापरते, मास्क मात्र वेगळा. औषध काहीही नाही, फक्त नॉर्मल सलाईन. ससा मांजराच्या पेटीत, पेटीवर अर्धा टॉवेल, दहा-पंधरा मिनिटं. त्यातून निघतो तो गार तुषार, गरम वाफ नाही. शेंबूड सैल होतो आणि तो भराभरा शिंकतो. पहिल्यांदा मी घाबरले होते, पण ते शिंकणं चांगलं. मी पेटीशेजारीच बसून राहते आणि तो धापा टाकायला लागला की बंद करते.

नाकाचा बाहेरचा खपला कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं मऊ करून पुसायचा. आत काडी, इअरबड काही घालायचं नाही. आणि पुसायला म्हणून उताणं पाडायचं नाही. उताणा ससा गप्प पडतो ते भीतीनं, आणि तसं पडल्यावर जड पोट छातीवर येतं. सशाची छाती आधीच पोटाच्या मानानं लहान.

आमच्या ढेपेला (हो, गुळाची ढेप, रंग तसाच) दोन वर्षांपासून हा त्रास आहे. तपासणीत पाश्चुरेला नावाचा जंतू निघाला होता. पावसाळ्याच्या तोंडाला आणि दिवाळीच्या फटाक्यांनंतर हमखास उसळतो, मग पुन्हा निवळतो. पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही.

निवृत्त_गुरांचा_डॉक्टर | सकाळी ११:००

सईच्या आई, छान लिहिलंत. पाश्चुरेला मल्टोसिडा हा जंतू कितीतरी धडधाकट सशांच्या नाकात गप्प बसलेला असतो. ऊन, प्रवास, गर्दी, अमोनिया, भीती यातलं काही झालं की डोकं वर काढतो. बोर्डेटेला, स्टॅफिलोकोकस, स्यूडोमोनास हेही असतात. म्हणून नुसतं बघून "अमुक गोळी द्या" म्हणता येत नाही.

आता सर्जाच्या बाबांना एक प्रश्न. डोळा डावाच पाणावलाय ना? नाक दोन्ही बाजूंनी वाहतं की एकाच? ते बघायची साधी रीत सांगतो. देवघरातली फुलवात घ्या, तिचा एक बारीक तंतू सुटा करा. ससा स्वस्थ असताना तो तंतू एकेका नाकपुडीसमोर धरा, शिवू नका. हवा येते-जाते तिथं तंतू डोलतो.

सर्जाचा_बाप | दुपारी १:१०

उजव्या नाकपुडीसमोर तंतू चांगला आत-बाहेर हलतो. डावीसमोर नुसता लटकतो. बायकोनं आणि मी दोघांनी तीनदा बघितलं.

लेंड्या आहेत, पण बारीक आणि मऊ. भुसा काढला, पिंजरा आतल्या खोलीत घेतला. कुट्टी बंद.

निवृत्त_गुरांचा_डॉक्टर | दुपारी १:४०

मग माझा संशय दातांकडे जातो.

सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला साधारण २ मिमी. गवत चघळून ते झिजले नाहीत तर वरच्या टोकानं वाढतातच, पण मुळाच्या बाजूनंही हाडात रेटत जातात. वरच्या पुढच्या दातांच्या मुळांना लागूनच डोळ्यातून नाकात उतरणारी अश्रूंची नळी जाते. मूळ तिला दाबतं, नळी तुंबते, आत पू साठतो. डोळ्यातून पाणी गळतं, त्याच बाजूचं नाक वाहतं, आणि आपण सर्दी सर्दी म्हणत बसतो. दाढांच्या मुळाशी गळू झालं तरी हेच चित्र. कधी गवताचं कुसळ नाकात अडकूनही एकच बाजू बंद होते. दोन्हीकडून वाहत असेल तर धूळ किंवा जंतुसंसर्गाची शक्यता जास्त धरतात. हा काही नियम नाही, पण कुठून बघायला सुरुवात करायची ते कळतं.

खायला काय काय देता ते खरं खरं लिहा.

सर्जाचा_बाप | दुपारी २:०५

खरं खरं म्हणजे… सकाळी गाजर, दुपारी भिजवलेली हरभरा डाळ, चहाच्या वेळी पोरं बिस्किट देतात, रात्री पोळीचा तुकडा आणि दुकानातलं दाणेदार खाद्य. गवत आणलं तर खातो, पण उन्हाळ्यात आणायचं कुठून.

तिखट_कोथिंबीर | दुपारी २:०८

🙏

कडबाकुट्टी | दुपारी २:३०

ताई, हात जोडू नका, आमच्या घरी पण हेच चालायचं. सशाचं चित्र काढलं की हातात गाजर असतंच, पोरांना तेच माहीत.

सर्जाचा_बाप | दुपारी ३:४५

अर्जंट. आत्ता श्वास मोजले, ९२. लाईट गेलीय, कूलर बंद. नाक वर करून बसलाय. तोंड बंदच आहे.

तिखट_कोथिंबीर | दुपारी ३:४७

घरातल्या सगळ्यात गार फरशीवर घ्या, आसपास गर्दी नको. माठातल्या पाण्यात हात भिजवून दोन्ही कानांवर बाहेरून फिरवा. बर्फाचं पाणी नाही, अंगावर ओतायचं नाही, बुडवायचं तर अजिबात नाही. फ्रीजरमधली पाण्याची बाटली असेल तर फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, तो हवं तर टेकेल. पाणी जबरदस्तीनं तोंडात सोडू नका, नाक बंद असताना ते फुप्फुसात जातं.

सर्जाचा_बाप | दुपारी ४:२५

७४ वर आलं. लाईट आली.

राजाचं सांगतो म्हणालो होतो. तेव्हा पिंजरा पत्र्याखाली होता. मे महिना, आम्ही सगळे लग्नाला गेलेलो. संध्याकाळी आलो तर तो तोंड उघडून धापा टाकत होता आणि हनुवटी लाळेनं ओली. मी त्याला टाकीच्या पाण्यात धरलं, चांगलं वाटेल म्हणून. हातातच गेला. आज सर्जानं नाक वर केलं तेव्हा पाय लटपटले माझे.

निवृत्त_गुरांचा_डॉक्टर | दुपारी ४:५०

तेव्हा तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आता पुढचं बघू.

हे घरी सुटणारं काम नाही. कवटीचा एक्स-रे लागेल, तोंडात आतपर्यंत बघावं लागेल. मराठवाड्यात परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं फोन करून सशाचं कोण बघतं ते विचारा. परभणीत माझ्या ओळखीचे एक तरुण डॉक्टर खाजगीत ससे-पक्षी बघतात, त्यांचा नंबर वेगळ्या निरोपात पाठवतो, इथं टाकत नाही.

पहाटे निघा. आणि रात्रीपासून उपाशी ठेवू नका. कुत्र्याला भुलीआधी उपाशी ठेवतात कारण ते ओकतं, सशाला उलटी होतच नाही. त्याचं पोट रिकामं ठेवलं तर उलट नुकसान.

तुरीच्या_शेंगा (हिंगोली) | सायंकाळी ६:१५

धाग्यात घुसतोय, माफी. मागच्या महिन्यात हरभऱ्याच्या रानात सशाचं पिल्लू सापडलं, करड्या रंगाचं. घरी आणून दूध पाजलं, त्यालाही नाकातून फेस येऊन दोन दिवसांत मेलं. तेच इन्फेक्शन असेल का?

निवृत्त_गुरांचा_डॉक्टर | सायंकाळी ६:४०

नाही. दूध श्वासनळीत गेलं असणार, पिल्लांना पाजताना हे फार होतं. आणि रानातला ससा ही वेगळीच जात, पांढऱ्या पाळीव सशाचा तो लांबचा नातेवाईक. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे, घरी ठेवता येत नाही. रानातली आई पिल्लाला उघड्यावर सोडून दूर राहते आणि अंधार पडल्यावर येऊन पाजते. पिल्लू एकटं दिसलं म्हणजे अनाथ नसतं. पुढच्या वेळी तिथंच राहू द्या, जखमी असेल तर वनविभागाला कळवा.

तुरीच्या_शेंगा | सायंकाळी ६:५५

हे माहीत नव्हतं. वाईट वाटलं.

सर्जाचा_बाप | १८ एप्रिल, रात्री ९:१०

आलो परत. सविस्तर लिहितो, पुढच्या कुणाच्या कामी येईल.

पहाटे पाचला निघालो. टोमॅटोच्या प्लास्टिक कॅरेटमध्ये गोणपाट टाकलं, वरून ओलं सुती धोतर. अंबाजोगाई डोंगरावर म्हणून जरा बरी, घाट उतरून परळीला आलं की हवा बदलते. गंगाखेडच्या पुढं चहाला थांबलो तेव्हा त्यानं धोतराचा काठ कुरतडून ठेवलेला होता. बायको म्हणाली, खायलाय म्हणजे जगायलाय.

डॉक्टरांनी आधी काहीच केलं नाही, पाच मिनिटं नुसतं कॅरेटमधल्या सर्जाकडं बघत बसले. म्हणाले, हात लावला की श्वास बदलतो, म्हणून आधी लांबून. मग छाती ऐकली, फुप्फुसं स्वच्छ निघाली. थोडी गुंगी देऊन एक्स-रे काढला. मला एक्स-रेची फिल्म दाखवली. वरच्या पुढच्या दातांची मुळं कमानीसारखी वळून हाडात वर घुसलेली, डावं जास्त. निवृत्त डॉक्टरसाहेबांनी इथं नुसतं वाचून जे ओळखलं तेच.

मग डाव्या डोळ्यात हिरवट रंगाचा थेंब टाकला. नळी मोकळी असेल तर रंग नाकात उतरतो. पंधरा मिनिटं थांबलो, उतरला नाही. सशाच्या डोळ्याला खालच्या पापणीच्या आत एकच भोक असतं म्हणे, टाचणीच्या टोकाएवढं. डोळा बधिर करून त्यात बोथट बारीक नळी घातली आणि सलाईन दाबलं. आधी काही हलेना. डॉक्टर जोर न लावता थांबत थांबत दाबत होते. मग एकदम डाव्या नाकपुडीतून पांढरी घट्ट वळी बाहेर आली, टूथपेस्ट दाबल्यावर येते तशी, आणि मागून सलाईनची धार. सशाचा पू पातळ नसतो, म्हणून तो आपोआप वाहून जात नाही. वास इतका होता की बायको बाहेर जाऊन उभी राहिली.

त्यातलाच थोडा नमुना तपासणीला पाठवलाय. तोवर एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक आणि सूज-दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम, दोन्ही वजनावर मोजून. मात्रा इथं लिहीत नाही, कुणी दुसऱ्याच वजनाच्या सशाला देऊन बसायचं. डॉक्टरांनी अजून एक बजावलं, तेही टाकतो: गोचीड-पिसवांचा फिप्रोनिलचा फवारा कुत्र्यासाठी घरात असेल तर सशाला कधीच मारायचा नाही, त्याला ते विष आहे.

लेंड्या आज गोल आल्यात. अमॉक्सिसिलिनचं सांगितलं तेव्हा डॉक्टर फक्त "नशीब" एवढंच बोलले.

गोदाकाठ | रात्री ९:२२

हे सगळं डोळ्यातून नाकात? ऐकून अंगावर काटा आला. मी माझा पहिला प्रतिसाद संपादकांना काढायला सांगतो.

तिखट_कोथिंबीर | रात्री ९:३०

राहू द्या. लोक शोधत येतील तेव्हा बाम लावून आलेले असतील, त्यांना तुमच्या खालचं उत्तर दिसू दे.

सईची_आई | रात्री १०:०२

दात बरे होतात का पण? डॉक्टर काय म्हणाले?

सर्जाचा_बाप | रात्री १०:२०

मुळं मागं येत नाहीत म्हणाले. आहेत तिथं थांबवायची. नळी महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा धुवावी लागेल, फारच झालं तर पुढचे दात काढायचे. दात काढलेला ससा चिरलेला चारा खाऊन राहू शकतो हेही सांगितलं. खाण्याचा मोठा भाग गवतच हवं, गाजर म्हणजे पेढा, डाळ-बिस्किट-पोळी बंद. पोरांनी बिस्किट बंद ऐकून माझ्याशी अबोला धरलाय.

किनवटकर | १९ एप्रिल, सकाळी १०:१५

आमच्याकडं ससा आणि गिनीपिग एकाच जाळीत आहेत. आणि चार वर्षांचा मुलगा दोघांत लोळतो. काही धोका?

निवृत्त_गुरांचा_डॉक्टर | सकाळी ११:३०

गिनीपिग आजच वेगळे करा. सशाच्या नाकात बोर्डेटेला मुकाट असतो, गिनीपिगला तोच न्यूमोनिया करून मारू शकतो. मुलाचं म्हणाल तर खेळून झालं की हात धुवायचे, सशाच्या तोंडाला तोंड नाही, चावला-ओरबाडलं तर जखम साबणानं धुऊन डॉक्टरांना दाखवायची. घरात कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल, मोठ्या आजाराची औषधं चालू असतील, तर जास्त जपा.

कडबाकुट्टी | दुपारी १२:१०

गवताचं बोलू. सर्जाचे बापू, धुऱ्यावरची हरळी चालते, पण शेजाऱ्यानं तणनाशक मारलेलं नाही ना ते विचारून आणा. वाळलेलं गवत टाकण्याआधी अंगणात झटकायचं आणि पाण्याचा हबका मारायचा, नाहीतर धुळीनं पुन्हा तेच. बुरशीचा काळा डाग दिसला की सगळी पेंढी उकिरड्यावर. लसूणघास रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त. वाळल्या कडब्याची पानं थोडी चालतील, कोवळी ज्वारी मात्र नाही. तिनं बैल फुगून मरतो तिथं तुमचा सर्जा केवढा.

निवृत्त_गुरांचा_डॉक्टर | दुपारी १२:४०

फुगून नाही हो, कोवळ्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं, त्यानं मरतो. बाकी शंभर टक्के सहमत.

सर्जाचा_बाप | ११ मे, रात्री ८:४५

बरेच जण निरोप पाठवून विचारायलेत, म्हणून खबर.

रिपोर्टमध्ये पाश्चुरेलाच आला, चालू औषध त्यावर लागू पडतं म्हणून तेच चार आठवडे चालवायचं. सईच्या आईंचं ऐकून नेब्युलायझर भाड्यानं आणला. पहिल्या दिवशी सतरा शिंका मोजल्या. पुढच्या पायांच्या वाती मी कापल्या नाहीत, कोमट पाण्यानं सोडवल्या, आता नवीन केस यायलेत. निवांत असताना श्वास ४८ ते ५४. डावा डोळा अजून सकाळी ओला असतो. नळी परवा पुन्हा धुतली, या वेळी वळी आली नाही, गढूळ पाणी आलं.

आज संध्याकाळी फुलवातीचा तंतू घेऊन बसलो. डाव्या बाजूला हलला. उजव्याएवढा नाही, पण हलला. पोरगी म्हणाली पप्पा तुम्हीच फुंकायलात. तिच्या हातात दिला, तिनं स्वतःचं तोंड हातानं दाबून धरलं, तरी हलला.

एकच अडचण. हरळी आता पार करपली, सर्जा रोज टोपलंभर मागतो. कुणाकडं मारवेल गवताचे ठोंब आहेत का? विहिरीच्या कडेला दोन-चार लावतो.

कडबाकुट्टी | रात्री ९:१५

आहेत की. बांधावर लावलंय सगळीकडं. आत्ता नेऊ नका, जळतील. मृगाचा पाऊस पडू द्या, मग या.

सर्जाचा_बाप | रात्री ९:१८

चार ठोंब पुरतील ना एवढ्याशा जिवाला?

कडबाकुट्टी | रात्री ९:२०

बैलाचं नाव ठेवलंय ना? गोणी घेऊन या.